पहिल्या रांगेतल्या दोन जागा

मला विमानातून उतरवलं होतं. हे वाक्य मी आजवर चारच माणसांपुढं बोलले आहे, आणि दर वेळी ते दुसऱ्याच कुठल्या तरी बाईबद्दलचं वाटलं आहे. भांडखोर, तोंडाळ, जिच्या शेजारी बसायला नको अशी एखादी बाई. मी तशी नाही, असं मी पन्नास वर्षं समजत आले होते.

मी धुळ्याला एका सरकारी कचेरीत आहे. नोकरीतली सव्वीस वर्षं दाखल्यांच्या खिडकीवर गेली. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी. जाळीपलीकडून लोक ओरडतात, काउंटरवर मुठी आपटतात, एखादा आईबहिणीवरही येतो. माझा आवाज कधी चढला नाही. 'फॉर्म आधी वाचा, मग सही करा,' हे मी दिवसातून इतक्यांदा म्हणते की कचेरीतले लोक माझी नक्कल करतात ती त्याच वाक्यानं.

माय तेव्हा पंच्याहत्तरीला आलेली. ती पारोळ्याजवळच्या एका खेड्यातली. गाव तिला अक्का म्हणतं, आम्ही दोघी बहिणी माय म्हणतो. सहा वर्षांपूर्वी वडील गेल्यावर मी तिला धुळ्याला माझ्याकडं आणलं. धाकटी बहीण हैदराबादला असते. लग्नानंतर अकरा वर्षांनी तिला मुलगी झाली. तिला सासू नाही, तेव्हा बाळंतिणीजवळ मायनं जायचं ठरलं, आणि मी महिनाभराची रजा टाकून सोबत जाणार होते. रेल्वेच्या पुलांचे जिने चढून गाड्या बदलणं मायच्या गुडघ्यांना झेपलं नसतं. जळगावहून हैदराबादला तेव्हा थेट विमान होतं. मी म्हटलं, माझ्या मायला मी विमानानं नेईन. हे मी कचेरीत सगळ्यांना सांगितलं. मायला शेवटी सांगितलं.

तिकिटं मीच काढली, मोबाईलवर, जेवणाच्या सुट्टीत, एका हातात पोळीचा घास धरून. सीट निवडायचा नकाशा आला. पहिल्या रांगेत पाय पसरायला जास्त जागा दाखवत होते, वरचे थोडे पैसे भरले की मिळत होती. मी खिडकीजवळची एक आणि तिच्या शेजारची एक, अशा दोन जागा घेतल्या. मध्येच एक चौकट उघडली. आत बारीक अक्षरांत बराच मजकूर होता आणि खाली 'मला मान्य आहे' असं बटण होतं. मी बटण दाबलं. वाचलं नाही.

मे महिना होता. जळगावचं ऊन काय असतं ते तिथल्याच माणसानं सांगावं. आम्हाला विमानतळावर सोडून माझे यजमान परत गेले. विमानतळ लहानसाच. काउंटरवरच्या माणसानं मायकडं पाहून हसत विचारलं, "आजी, पहिल्यांदाच का?"

"हो, पहिल्यांदाच," मी म्हणाले.

"भीती नाही ना वाटत?"

"नाही, नाही. मी आहे ना सोबत," मी म्हणाले.

माय जांभळ्या पातळाचा पदर डोक्यावर सारखा करत उभी होती. तिनं कशाचंच उत्तर दिलं नाही. द्यायची वेळच आली नाही, हे मला आज लिहिताना दिसतं. बॅगा दोन होत्या. एकीत मायचे कपडे, आणि माझ्या नावाच्या मोठ्या लाल बॅगेत डिंकाचे लाडू, बाळाची झबली, टोपरी, गोधडी. दोन्ही बॅगा त्या माणसानं पट्ट्यावर ठेवून घेतल्या आणि तिकिटांच्या चिठ्ठ्या हातात दिल्या.

विमान पंख्यांचं, लहान. शिडी मागच्या बाजूला, म्हणजे मागून चढायचं आणि सगळ्या रांगा ओलांडून पहिल्या रांगेपर्यंत जायचं. आत भट्टी पेटल्यासारखं होत होतं. मायनं सीटांच्या पाठी धरत धरत वाट काढली, न थांबता. पहिल्या रांगेत खिडकीशी बसली आणि बाहेर पंख्याकडं बघत राहिली. मी हातातली पिशवी वरच्या कप्प्यात कोंबत होते. तेवढ्यात केसांचा घट्ट अंबाडा घातलेली एक मुलगी, विमानातलीच, आमच्या सीटपाशी आली आणि मायच्या कानाशी वाकून काही बोलली. मला वाटलं पट्टा कसा बांधायचा ते सांगत असेल.

मग ती माझ्याकडं वळली.

"मॅडम, आजींना इथं बसता येणार नाही. ही इमर्जन्सी एक्झिटची रांग आहे. वेळ आली तर हा दरवाजा शेजारी बसलेल्या प्रवाशानं उघडायचा असतो. वय झालेल्यांना इथं बसवत नाहीत."

मराठी स्वच्छ बोलत होती. नाशिककडची असावी. छातीवर नावाची पट्टी होती, ते नाव मला अजून पाठ आहे.

"मग मला ही जागा दिलीच कशी?" मी विचारलं.

"बुकिंग करताना वयाचं विचारलं जातं, मॅडम. तुम्ही मान्य केलं असणार."

"आणि आता काउंटरवर? तिथं तुमच्या माणसाला दिसलं नाही माझी आई केवढी आहे?"

"तिथंच लक्षात यायला हवं होतं. माफ करा," ती म्हणाली. "बाराव्या रांगेत खिडकीची एक जागा मोकळी आहे, आजींना तिथं बसवते. तुम्ही इथंच बसा. किंवा सोळाव्या रांगेत एक आहे, तिथं या."

"म्हणजे ती एकीकडं आणि मी एकीकडं?"

"मी बाराव्या रांगेतल्या सरांना विचारते."

ती मागं गेली. बाराव्या रांगेत मायच्या होणाऱ्या जागेशेजारी एक गृहस्थ बसले होते. त्यांनी मान हलवून नाही म्हटलेलं मला लांबून दिसलं. ते आधीच जागा निवडून बसले होते, पैसे भरून, माझ्यासारखेच. त्यांची काही चूक नव्हती. पण मला त्यांचा इतका राग आला की कानशिलं तापली.

मुलगी परत आली. तिच्या ओठावर घाम जमला होता. "ते तयार नाहीत, मॅडम. दीडदोन तासांचा तर प्रवास आहे. मी आजींकडं लक्ष देईन."

"मी पैसे भरलेत. माझी आई इथंच बसेल."

"बाई, आयक ना," माय म्हणाली.

"तू गप्प बस माय. मी बोलतेय ना."

मागून आवाज सुरू झाले. कुणाला हैदराबादहून पुढचं विमान पकडायचं होतं. एक लहान मूल उकाड्यानं रडायला लागलं. तिसऱ्या रांगेत दोन मुलांना घेऊन बसलेली एक बाई पुठ्ठ्यानं वारा घालत आमच्याकडं बघत होती. मला खात्री होती की ती माझ्या बाजूनं बोलेल. म्हाताऱ्या बाईला लेकीपासून तोडतात, यावर कुणीही बोलेल.

ती मुलगी म्हणाली, "मॅडम, नियम आहे. मी काय करू शकते?"

हे वाक्य माझं आहे. ह्याच चालीत, ह्याच थकलेल्या गोडीत मी ते सव्वीस वर्षं खिडकीतून बाहेर टाकलं आहे. ते समोरून माझ्यावर आलं आणि डोक्यात काहीतरी तुटलं. पुढचं मी जे बोलले ते इथं लिहिताना हात अडतो, पण लिहायचं तर सगळं लिहायला हवं. मी म्हणाले, "तुला पाण्याच्या बाटल्या वाटायला ठेवलंय. मला नियम शिकवायला नाही."

तिचा चेहरा पांढरा पडला. तिनं मायच्या पट्ट्याकडं हात नेला, सोडवून द्यायला. माय स्वतःच पट्टा चाचपत होती आणि तिला तो सुटत नव्हता, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त तो हात दिसला. मी त्या हातावर फटका मारला.

जोरात बसला. आवाज मागच्या रांगांपर्यंत गेला असणार, कारण एकदम सगळे गप्प झाले. त्या मुलीनं हात पोटाशी घेतला आणि दुसऱ्या हातानं धरून ठेवला, लहान पोरं धरतात तसा. मी स्वतःच्या तळव्याकडं बघत होते. तो लाल झाला होता. मी माझ्या मुलावरसुद्धा कधी हात उचललेला नाही.

मुलगी पुढं वैमानिकाच्या दाराकडं गेली. मागं कुणी एकजण फोन उभा धरून होता. मी "माय" एवढंच म्हणाले आणि तिच्या शेजारी बसले. माय माझ्याकडं बघत नव्हती.

थोड्या वेळानं खालून विमान कंपनीचे एक साहेब आले, पन्नाशीचे, सदरा घामानं पाठीला चिकटलेला, आणि त्यांच्यामागं सुरक्षेची एक बाई. साहेब जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, चला खाली. कॅप्टन तुम्हाला घेऊन उडणार नाहीत."

"मला?"

"हो ताई. तुम्ही क्रूवर हात उचललाय."

"अहो, पण मी... तिनं आधी..." मी मागं वळून पाहिलं. तिसऱ्या रांगेतली बाई वारा घालायची थांबली होती. ती म्हणाली, "उतरवा ना एकदाचं. पोरं उकडून गेली."

मी त्या बाईकडं बघतच राहिले. तिच्या बोलण्यात द्वेष नव्हता. कचेरीत रांगेत शेवटी उभी असलेली माणसं पुढच्या भांडणाऱ्याबद्दल अशीच बोलतात, आणि मला ते नेहमी रास्त वाटत आलं होतं.

मी उठले. पिशवी काढली. "चल माय, उतरू. नको आपल्याला ह्यांचं विमान."

माय बसून राहिली.

"ऊठ ना."

"तू उतर," ती म्हणाली. "मी जास."

मला वाटलं तिला कळलं नाही काय चाललंय. मी वाकून सावकाश सांगितलं, "माय, मला उतरवतायत. मी नाही येणार विमानात. तू एकटी कशी जाशील? तुला तिथलं काय माहीत?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं सरळ पाहिलं. "जावाई येई ना लेवाले. तुले उतारतस, माले नही."

अहिराणीत बोलली, नेहमीच्या आवाजात. मग त्या साहेबांकडं वळून म्हणाली, "भाऊ, हाऊ पट्टा सोडी द्या." साहेबांनी पट्टा सोडला. माय सीटच्या हाताला रेटा देत उठली, माझ्या अंगाजवळून बाहेर निघाली आणि सीटांच्या पाठी धरत बाराव्या रांगेकडं चालू लागली. तीच मुलगी, जिला मी मारलं होतं, तिच्या कोपराला आधार देत मागून गेली. ते नाही म्हणणारे गृहस्थ उभे राहिले, बाजूला झाले, मायला आत जाऊ दिलं. मी दारापर्यंत त्याच वाटेनं गेले. बाराव्या रांगेपाशी थांबावंसं वाटलं. माय खिडकीबाहेर बघत होती. मी थांबले नाही.

खाली उन्हात उभं करून मला विचारलं, तुमची बॅग कोणती. विमानाच्या पोटातलं सामान काढून माझी लाल बॅग शोधली. ती मिळेपर्यंत विमानातले लोक आत उकडत राहिले, ते माझ्यामुळं. मग एका लहानशा खोलीत बसवून साहेबांनी कोरा कागद दिला. "काय घडलं ते तुमच्या शब्दांत लिहा."

मी लोकांना अर्ज लिहायला शिकवते. 'विषय' कुठं, 'संदर्भ' कुठं, सही कुठं, सगळं. मी 'मी' लिहिलं आणि पुढं काही सुचेना. साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढं केला. ते एरंडोलकडचे निघाले. म्हणाले, "ताई, त्या पोरीनं पोलिसांत द्यायचं नाही म्हणून सांगितलं. नाहीतर आज तुम्हाला ठाण्यात बसावं लागलं असतं." मी विचारलं, "का नाही म्हणाली?" त्यांनी खांदे उडवले. "आजींनी काहीतरी सांगितलं वाटतं तिला."

शेवटी मी चार ओळी लिहिल्या. 'मी विमान कर्मचाऱ्याच्या हातावर मारले. कारण सीटवरून वाद झाला होता.' दुसरं वाक्य वाचून मलाच लाज वाटली, पण खोडलं नाही.

बाहेर फाटकापाशी एक कडुनिंब होता. त्याच्याखाली लाल बॅग घेऊन उभी राहिले. रिक्षावाल्यानं विचारलं, "कुठं सोडू?" तेवढ्यात विमान धावलं. पंख्यांचा आवाज वाढत गेला, मग ते कुंपणाच्या वरून दिसलं आणि बघता बघता केळीच्या बागांवरून लांब गेलं. त्यात माझी माय होती, जी सहा वर्षांत माझ्याशिवाय बँकेतसुद्धा गेली नव्हती. मी रिक्षावाल्यासमोर मोठ्यानं म्हणाले, "माझी आई आहे त्यात." तो बिचारा वर बघून म्हणाला, "बरं मग, पोचतील."

बहिणीला फोन लावला. सगळं सांगितलं. ओली बाळंतीण ती, बाळ कुशीत असणार. ती म्हणाली, "तायडे, तू मारलंस?" मायला एकटं पाठवलं याबद्दल तिनं काही विचारलं नाही. तेवढंच विचारलं.

यजमानांना मी फोन केला नाही. बसस्टँडवर जाऊन एका बाकावर बसून राहिले. मायकडं साधा फोन होता, तो बंद. मी दर पाच मिनिटांनी लावत होते. तिला तहान लागली तर कुणाला सांगेल, कानात दडे बसले तर घाबरेल का, उतरल्यावर पट्ट्यावरून आपली बॅग ओळखेल का, हिंदी तिला धड येत नाही. असं एकेक मनात येत होतं आणि प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी माझ्या तळव्यात तो फटका परत वाजत होता.

साडेपाचच्या सुमारास जावयाच्या फोनवरून मायचा आवाज आला. "पोचनू. तू जेवनी का?"

मी तिथंच रडायला लागले. शेजारी बसलेल्या बाईंनी पाण्याची बाटली पुढं केली.

मी बसनं संभाजीनगर आणि तिथून रेल्वेनं हैदराबाद असं दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले, लाडवांच्या डब्यासकट. दार बहिणीनं उघडलं. माय आत पलंगावर मांडीत बाळ घेऊन बसली होती. मला बघून म्हणाली, "हात धुई ये, मंग लेजो तिले." जणू मी भाजी आणायला गेले होते.

दोन दिवस कुणी विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी बाळाची दुपटी वाळत घालत होते, माय गॅलरीत वेताच्या मोड्यावर बसली होती. मीच म्हणाले, "माय, तू का नाही उतरलीस? मला किती वाईट वाटलं."

ती म्हणाली, "मी कसाले उतरू? तिनी माले पहिलेच इचारेल व्हतं. तू पिशवी ठेवी राहिंती तवय. म्हने, आजी, मांगे बसशात का? मी हा म्हनं."

माझ्या हातात दुपटं तसंच राहिलं. "हो म्हणालीस? मग सांगितलं का नाहीस मला?"

"सांगं ना. तू म्हने, गप्प बस."

मी तिच्यासाठी भांडत होते. सगळ्या विमानाला तिच्यासाठी उन्हात थांबवलं, त्या पोरीवर हात उचलला, आणि जिच्यासाठी हे केलं ती केव्हाच हो म्हणून मोकळी झाली होती. मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. मला वाटलं, आता ती मला बोलेल. ती चिडली नव्हती. हळूच म्हणाली, "डॉक्टरले बी तूच सांगस मनं काय दुखस ते. माले काय तोंड नही?"

मी मोड्याशेजारी खाली बसले. सहा वर्षांतल्या डॉक्टरांच्या खोल्या आठवत होते. डॉक्टर मायला विचारतात, मी उत्तर देते. 'रात्री झोपत नाही हो ती.' 'भूक कमी झालीय तिची.' एकदासुद्धा तिनं मला थांबवलं नव्हतं आणि मला त्याचा अभिमान होता, की मायचं सगळं मला न सांगता कळतं.

"त्या मुलीशी बोललीस का तू नंतर?" मी विचारलं.

माय म्हणाली, बाराव्या रांगेकडं जातानाच तिनं मुलीला माझ्या लेकीला पोलिसांत देऊ नको म्हणून सांगितलं होतं. विमान वर गेल्यावर ती मुलगी पाणी घेऊन आली. तिचे डोळे लाल होते. "मी तिना हात धरा. म्हनं, बेटा, मनी पोर चुकनी. तुले लागनं का?" मुलगी म्हणाली, नाही आजी. पण मनगटाशी वळ होता, मायनं पाहिला. मग त्या शेजारच्या गृहस्थांनी मायला खिडकीतून खाली दिसणाऱ्या नद्या दाखवल्या. त्यांना नावं माहीत नव्हती, मायलाही नव्हती.

कंपनीला मी माफीचं पत्र पाठवलं. त्या मुलीचं नाव लिहून, तिच्यापर्यंत पोचवा अशी विनंती केली. उत्तर आलं ते छापील, आपल्या अभिप्रायाबद्दल आभार असं. पुढं आणखी एक पत्र आलं, त्यात काही महिने मला त्यांच्या विमानात बसता येणार नाही असं कळवलं होतं. पोरीला माझं पत्र मिळालं का, मला माहीत नाही. तो फोन उभा धरणारा माणूस आठवून मी कित्येक दिवस भीत होते. कचेरीच्या ग्रुपवर काही वाजलं की हातातलं काम टाकून आधी फोन बघायचे. ती चित्रफीत कधीच आली नाही. कदाचित त्यानं पुसून टाकली असेल, कदाचित कुठं तरी फिरतही असेल आणि बघणारे म्हणत असतील, कसली बाई आहे.

रजा संपवून मी रेल्वेनं परतले. माय तिथंच राहिली. खिडकीवर बसल्यावर पहिल्याच आठवड्यात एका माणसानं काउंटरवर हात आपटला. म्हाताऱ्या वडिलांना घेऊन तो तीनदा आला होता. पूर्वी मी त्याच्याकडं न बघता कागद परत सरकवले असते. तेव्हाही मी फार काही वेगळं केलं नाही, कागद अपुरेच होते. फक्त त्याच्या वडिलांना विचारलं, "बाबा, तुम्हाला काय पाहिजे?" म्हातारा गोंधळून मुलाकडं बघायला लागला. मुलगाच बोलला.

श्रावणात माय परत आली, एकटी, विमानानं. जागा बहिणीनं तिला विचारून घेतली होती. मी तिला आणायला जळगावला गेले. त्या फाटकातून आत जायची माझी हिंमत होत नव्हती, बाहेरच थांबले. ती इतरांच्या मागून आली, गुडघे सांभाळत, हातगाडीवर बॅग ठेवून. मी बॅग घ्यायला पुढं झाले तर म्हणाली, "राहू दे, चालस माले."

आम्ही धुळ्याच्या एसटीत बसलो. एरंडोल गेलं. पारोळा जवळ आला तशी ती पदर सारखा करून म्हणाली, "मी आठे उतरसू. बहीणकडे जास. आठ रोज राहसू."

मावशी पारोळ्यातच असते, स्टँडपासून लांब. मी म्हणणार होते, असं अचानक इथं कसं उतरतेस, औषधं कशी, मी शनिवारी सोडते ना तुला. तोंड उघडलंही होतं. "तिला कळवलंस का?" एवढंच विचारलं.

"फोन करा मी तिले. ती येई स्टँडवर."

बस थांबली. कंडक्टरनं तिची बॅग खाली दिली. मावशी रसवंतीच्या सावलीत उभी होती, तिनं हात वर केला. माय तिच्याकडं चालत गेली, बॅग ओढत, मागं न बघता. मी खिडकीतून हात हलवला, तो कुणी पाहिला नाही. बस सुटली. धुळ्यापर्यंत शेजारची जागा रिकामीच राहिली, आणि घरी जाऊन तिच्याबद्दल काय सांगायचं ते मला कळत नव्हतं.